अ‍ॅव्हेंजर्सचे वैरी आणि वांडाची जादू

अमेरिकन कॉमिक्समध्ये एकट्या नायकासाठी शत्रू घडवणे तुलनेने सोपे असते, कारण नायकाच्या स्वभावातील किंवा सामर्थ्यातील एखादी बाजू उलटी करून मांडली की त्याला शोभणारा प्रतिस्पर्धी मिळतो. बॅटमॅनच्या शिस्तीसमोर जोकरचा बेबंदपणा आणि सुपरमॅनच्या बाहुबळासमोर लेक्स लूथरची बुद्धी ही त्याची सर्वज्ञात उदाहरणे आहेत. परंतु जिथे एक देव, एक चिलखतधारी कारखानदार, एक जुना सैनिक आणि एक चेटकीण एकाच छपराखाली नांदतात, अशा संघासमोर कोणाला उभे करावे, हा प्रश्न लेखकांना नेहमीच अडचणीचा ठरला आहे. मार्व्हल प्रकाशनाच्या अ‍ॅव्हेंजर्स या संघाचे वाचक गेली साठ वर्षे दोन वाद हिरिरीने घालत आले आहेत : या संघाचा सर्वांत मोठा खलनायक कोण, आणि संघातील स्कार्लेट विच ऊर्फ वांडा मॅक्सिमॉफ हिची जादू नेमकी चालते कशी. वरवर पाहता हे वाद वेगळे वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी सामर्थ्याच्या मर्यादेचा एकच प्रश्न आहे, आणि २००४ मध्ये तर ते दोन्ही एकाच व्यक्तीपाशी येऊन मिळाले.

या संघाचा पहिला अंक सप्टेंबर १९६३ या तारखेने निघाला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी त्यात थॉर, आयर्न मॅन, हल्क, अँट-मॅन आणि वास्प या पाच जणांना एकत्र आणले, आणि त्यांना एकत्र आणणारे निमित्त म्हणून थॉरचा दत्तक भाऊ लोकी याची योजना केली. बंदिवासात पडलेला लोकी थॉरला डिवचण्यासाठी मायाजाल रचून हल्कला एका रेल्वे अपघाताच्या संशयात गोवतो, मदतीसाठी निघालेला रेडिओ संदेश वाटेत वळवतो, आणि त्या वळवावळवीत नको ते नायक गोळा होऊन त्याच्यावरच उलटतात. म्हणजे संघाचा जन्म खलनायकाच्या चुकलेल्या डावातून झाला, आणि या एका मानाखातर लोकीचे नाव प्रत्येक यादीत येते. तथापि त्याचे वैर मुळात थॉरशी आहे. इतर नायक त्याच्या लेखी भाऊबंदकीच्या भांडणात मध्ये आलेले परके आहेत. २०१२ च्या चित्रपटात त्याला मिळालेली लोकप्रियता हा नटाचा आणि संवादांचा विजय म्हणावा लागेल, कारण संघाचा शत्रू म्हणून तो कॉमिक्समध्ये पुढे फारसा टिकलेला नाही.

संघाला संघानेच उत्तर द्यावे, ही त्यानंतरची कल्पना. जुलै १९६४ च्या सहाव्या अंकात बॅरन हाइनरिख झेमो या नाझी शास्त्रज्ञाने ‘मास्टर्स ऑफ ईव्हिल’ नावाची टोळी उभी केली, ज्यात प्रत्येक नायकाचा स्वतःचा एकेक शत्रू भरती करण्यात आला होता. हिशेब सरळ असल्यामुळे परिणामही ठरावीक झाला : कोणी कोणाशी लढायचे याची अदलाबदल केली की टोळी हरत असे. या कल्पनेचे सोने झाले ते बावीस वर्षांनी, १९८६-८७ मध्ये, जेव्हा रॉजर स्टर्न या लेखकाने चित्रकार जॉन बुसेमा यांच्यासह २७३ ते २७७ या अंकांत ‘अंडर सीज’ ही कथा लिहिली. पहिल्या झेमोचा मुलगा हेल्मुट याने सुपरखलनायकांची मोठी फौज जमवली, पण तिला मैदानात उतरवले नाही. अ‍ॅव्हेंजर्स विखुरलेले असण्याची वाट पाहून त्याने न्यूयॉर्कमधील त्यांचा वाडाच ताब्यात घेतला. वास्प तेव्हा संघाची अध्यक्ष होती, आणि स्त्रीचे नेतृत्व न रुचलेला हर्क्युलिस दारूच्या अमलाखाली तिची आज्ञा झुगारून एकटाच आत शिरला, तो मरणाच्या दारी पोहोचूनच बाहेर आला. वाड्याचा जुना बटलर जार्व्हिस याला मिस्टर हाइडने कॅप्टन अमेरिकेच्या डोळ्यांदेखत छळले आणि कॅप्टनच्या जुन्या चीजवस्तूंची नासधूस केली, ज्यात त्याच्या आईचे एकमेव छायाचित्र होते. जग जिंकण्याच्या गर्जना करणारे शेकडो खलनायक वाचक विसरले, पण हे फाटलेले छायाचित्र त्यांना आठवते. कारण झेमोला संघाचे सामर्थ्य मोडायचे नव्हते, घर मोडायचे होते.

याच्या उलट टोकाला अमर्याद सामर्थ्याचे खलनायक येतात. १९७८ मध्ये जिम शूटर यांच्या लेखनातून साकारलेल्या मालिकेतील कॉर्व्हॅक हा विश्वाची सूत्रे हाती घेऊ शकणारा, देवतुल्य झालेला माणूस न्यूयॉर्कच्या उपनगरात साध्या घरात राहत असतो आणि शेवटच्या लढाईत जवळजवळ सगळ्या संघाचा संहार करतो. पण आपल्या प्रियेच्या मनात शंका आली हे कळताच तो स्वतःच जीवन संपवतो आणि मेलेल्यांना पुन्हा उठवतो. कथा उत्तम आहे, मात्र तिच्यातील अडचण लपत नाही. ज्याच्या शक्तीला सीमाच नाही त्याला दुसरे कोणी हरवू शकत नाही, त्याला स्वतःच हरावे लागते. जिम स्टार्लिन यांनी १९७३ मध्ये आयर्न मॅनच्या एका अंकात प्रथम आणलेल्या थॅनोसचेही तेच. चित्रपटांमुळे आज सर्वसामान्य प्रेक्षक त्यालाच या संघाचा महाशत्रू समजतो, परंतु कॉमिक्समधील थॅनोस हा प्रामुख्याने कॅप्टन मार्व्हल आणि अ‍ॅडम वॉरलॉक यांच्या अंतराळकथांतला आहे, आणि १९९१ च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये पृथ्वीवरचे नायक त्याच्यासमोर पालापाचोळ्यासारखे उडतात, त्याचा खरा पराभव त्याच्या स्वतःच्या मनातल्या अपात्रतेच्या जाणिवेतून होतो.

खऱ्या स्पर्धेत म्हणून दोनच नावे उरतात. त्यांतला पहिला कँग हा काळावर स्वार होऊन आलेला दिग्विजयी आहे. दूरच्या भविष्यकाळात जिंकण्यासारखे काही न उरल्यामुळे तो वीरांच्या युगात, म्हणजे आपल्या विसाव्या शतकात येतो, आणि सप्टेंबर १९६४ च्या आठव्या अंकात संघासमोर उभा राहतो. इजिप्तचा फेरो बनलेला रामा-टुट, कँग आणि काळाचा रखवालदार इम्मॉर्टस ही एकाच माणसाच्या आयुष्याची तीन वये आहेत, हे १९७० च्या दशकात स्टीव्ह एंगलहार्ट यांनी उलगडले. त्यामुळे कँगचा सर्वांत कडवा वैरी तो स्वतःच ठरतो, कारण उतारवयात आपण कोण होणार हे त्याला ठाऊक आहे आणि ते त्याला मान्य नाही. कर्ट ब्युसिक यांनी २००१-०२ मध्ये लिहिलेल्या ‘कँग डायनॅस्टी’त तो वॉशिंग्टन शहर नष्ट करतो आणि वास्पला पृथ्वीच्या शरणागतीवर सही करायला लावतो. असा मान इतर कोणाला मिळालेला नाही. तरीही कँग संघाकडे प्रतिष्ठेचा प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो, आणि प्रतिष्ठेचे वैर कितीही भव्य असले तरी त्यात काहीसा औपचारिकपणा राहतोच.

दुसरे नाव अल्ट्रॉनचे आहे, आणि सर्व बाजू पाहता पहिला क्रमांक त्यालाच द्यावा लागतो. रॉय थॉमस आणि जॉन बुसेमा यांनी १९६८ च्या ५४ व्या आणि ५५ व्या अंकांत आणलेला हा यंत्रमानव संघाचा संस्थापक सदस्य हँक पिम, म्हणजे पहिला अँट-मॅन, याने घडवलेला होता. जागा होताच त्याने निर्मात्यावर हल्ला केला आणि आपल्या जन्माची आठवणच त्याच्या मनातून पुसली. भस्मासुराची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही, परंतु इथे तिला एक वेगळा पीळ आहे. अल्ट्रॉनच्या यांत्रिक मेंदूसाठी पिमने स्वतःच्याच मनाचा आराखडा वापरला होता असे पुढे स्पष्ट करण्यात आले, म्हणजे यंत्राचा द्वेष हा निर्मात्याच्या दडपलेल्या द्वेषाचाच अंश निघाला. अल्ट्रॉनला शत्रूंपेक्षा कुटुंब हवे असते. वंडर मॅन या मृत समजल्या गेलेल्या माणसाच्या मनाच्या आराखड्यावर त्याने व्हिजन हा कृत्रिम मानव घडवला, तो बापाविरुद्ध उठून अ‍ॅव्हेंजर्समध्ये गेला. पुढे पिमची पत्नी वास्प हिच्या मनावरून त्याने स्वतःसाठी वधू बनवली आणि तिचे नाव ठेवले जोकास्टा, जे ग्रीक पुराणात ईडिपसच्या आईचे आहे. १९९९ च्या ‘अल्ट्रॉन अनलिमिटेड’मध्ये तो स्लोरेनिया नावाच्या काल्पनिक देशातील सर्व माणसे मारतो आणि नव्या यंत्रवंशाचे नमुने म्हणून पिम, वास्प, व्हिजन, वंडर मॅन, त्याचा भाऊ ग्रिम रीपर आणि वांडा या ‘नातेवाइकां’ना पळवून नेतो. त्याची काया अ‍ॅडमँटियम या अभेद्य काल्पनिक धातूची आहे आणि एक देह मोडला तर तो दुसऱ्यात जातो, म्हणून तो बलाढ्य आहे हे खरेच. पण त्याचे थोरपण त्या धातूत नाही. २०१५ च्या चित्रपटात त्याचे जनकत्व पिमऐवजी आयर्न मॅन टोनी स्टार्ककडे देण्यात आले, तेव्हा यंत्र तेच राहिले आणि घर मात्र हरवले, म्हणूनच तो अल्ट्रॉन अनेक जुन्या वाचकांना पोकळ वाटला.

अल्ट्रॉनने पळवलेल्या या ‘नातेवाइकां’त वांडाचे नाव असावे हे अर्थपूर्ण आहे. ती व्हिजनची पत्नी, म्हणजे एका अर्थी अल्ट्रॉनची सून. तिचे पहिले दर्शन मार्च १९६४ च्या एक्स-मेन मालिकेच्या चौथ्या अंकात, एक्स-मेनचा वैरी मॅग्नेटो याच्या टोळीतील एक बुजरी मुलगी म्हणून झाले, आणि मे १९६५ मध्ये तिला व तिचा वेगवान भाऊ क्विकसिल्व्हर याला अ‍ॅव्हेंजर्समध्ये प्रवेश मिळाला. त्या वेळी ती जादूगार नव्हतीच. ती म्यूटंट, म्हणजे जन्मजात जनुकीय बदलातून शक्ती लाभलेली व्यक्ती मानली जात असे, आणि तिची शक्ती ‘हेक्स’ या नावाने ओळखली जाई : तिने हाताने विशिष्ट खूण केली की समोर काहीतरी विपरीत घडे, छताचा तुकडा कोसळे किंवा शत्रूचे हत्यार बिघडे. पुढे याचे स्पष्टीकरण संभाव्यतेच्या भाषेत देण्यात आले. नाणे दहा वेळा उडवल्यास दहाही वेळा छाप पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक असते. हे अशक्य नाही, केवळ दुर्मीळ आहे, आणि वांडा ते दुर्मीळ घडणे हुकमी घडवून आणते, अशी ती कल्पना. तिच्यात एक सुंदर मर्यादा दडलेली होती. जे मुळात घडूच शकत नाही ते अशा शक्तीने घडत नाही, गंजलेली साखळी तुटेल पण साखळीचा साप होणार नाही; शिवाय लक्ष्य नजरेच्या टप्प्यात हवे, आणि वापर वाढला की थकवा ठरलेला.

खरी जादू मार्व्हलच्या विश्वात डॉक्टर स्ट्रेंजकडे होती. स्टीव्ह डिट्को यांनी स्टॅन ली यांच्यासह १९६३ मध्ये आणलेला हा शल्यविशारद हिमालयातील गुरूकडे मंत्रविद्या शिकतो, आणि त्याच्या विद्येचे जे शास्त्र पुढे मार्व्हलच्या अधिकृत संदर्भकोशात मांडले गेले त्यानुसार जादूचे स्रोत तीन आहेत. पहिला स्रोत साधकाच्या स्वतःच्या मनाचा व आत्म्याचा, ज्यातून सूक्ष्मदेहाच्या संचारासारख्या सिद्धी साधतात. दुसरा भोवतालच्या विश्वात भरून राहिलेल्या ऊर्जेचा, ज्यातून उड्डाण, मायादृश्ये आणि प्रहार. आणि तिसरा अन्य मितींमधील देवतांचा, ज्यांचे नाव घेऊन मंत्र म्हटला की त्यांची शक्ती उसनी मिळते. तिसरा प्रकार कथेच्या दृष्टीने सर्वांत सकस आहे, कारण उसने घेतले की देणे आले. वर, शाप आणि उःशाप यांच्या कथांवर पोसलेल्या वाचकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून पूर्वी घरोघरी पोहोचलेला ली फॉक यांचा मँड्रेक जादूगार तर याहूनही काटेकोर होता. त्याची जादू म्हणजे पाहणाऱ्यावर घातलेली संमोहनाची भूल, त्यामुळे ती कुठे संपते हे प्रत्येक बालवाचकाला ठाऊक असे.

वांडाच्या बाबतीत ही रेषा हळूहळू पुसत गेली, आणि ती कोणा एका लेखकाने पुसली असे म्हणता येत नाही. मासिक रूपात दशकानुदशके चालणारी मालिका अनेक हातांतून जाते. प्रत्येक नवा लेखक आधीच्याचे खोडत नाही, त्यावर थर चढवतो. १९७४ मध्ये एंगलहार्ट यांनी तिला अ‍ॅगाथा हार्कनेस या वृद्ध चेटकिणीची शिष्या केले आणि जन्मजात शक्तीला शिकलेल्या विद्येची जोड मिळाली. १९७९ मध्ये वुंडागोर पर्वताच्या कथेत असे निघाले की क्थॉन नावाच्या आदिम दैत्यदेवतेने तिला जन्मतःच आपले पात्र म्हणून हेरून ठेवले होते. मग १९८५-८६ च्या मालिकेत ती आणि व्हिजन यांना जादूच्या आधाराने जुळी मुले झाली, म्हणजे यंत्र असलेल्या पित्यापासून अपत्य, जे संभाव्यतेच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. आणि १९८९ मध्ये जॉन बर्न यांनी ती मुले खरी नव्हतीच, मेफिस्टो या सैतानी सत्तेच्या आत्म्याचे तुकडे होती असे दाखवून ती नाहीशी केली. शोक आवरावा म्हणून अ‍ॅगाथाने वांडाच्या मनातून मुलांची आठवणच काढून टाकली. अल्ट्रॉनने पिमच्या बाबतीत जे दुष्टपणे केले तेच इथे मायेने झाले, आणि परिणाम दोन्हीकडे भयंकरच निघाला. १९९८ मध्ये ब्युसिक यांनी हा सगळा पसारा आवरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला : वांडाची जन्मजात शक्ती आणि क्थॉनकडून आलेली ‘केऑस मॅजिक’, म्हणजे अनागोंदीची जादू, यांचा तिच्यात संगम झाला आहे, असे त्यांनी अ‍ॅगाथाच्याच तोंडून वदवले.

हा खुलासा जेमतेम सहा वर्षे टिकला. २००४ मध्ये ब्रायन मायकेल बेंडिस यांनी ५०० ते ५०३ या अंकांत ‘अ‍ॅव्हेंजर्स डिसअसेंबल्ड’ लिहिले, ज्यात मुलांची आठवण परतल्यामुळे मन ढळलेली वांडा नकळत आपल्याच संघाचा विध्वंस करते; वाडा उद्ध्वस्त होतो, व्हिजन मोडून पडतो, अँट-मॅनचा वारसा चालवणारा स्कॉट लँग आणि हॉकाय मरतात. त्यात डॉक्टर स्ट्रेंज येऊन सांगतो की केऑस मॅजिक असे काही नसतेच, वांडा थेट वास्तवच बदलत होती. पुढच्या वर्षी ‘हाउस ऑफ एम’मध्ये तिच्या एका इच्छेसरशी जगातील बहुतेक म्यूटंटांची शक्ती गेली आणि जेमतेम दोनशेच्या आसपास उरले. परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर कँग, अल्ट्रॉन आणि झेमो या तिघांना मिळून जे जमले नाही ते तिने दोन कथांत केले. घर मोडणे हीच मोठ्या खलनायकाची कसोटी मानली तर ती या यादीच्या शिरोभागी बसते. वाचकांचा राग मात्र तिच्यापेक्षा लेखकावर अधिक होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता; कारण तीस वर्षे थराथराने बांधलेले नियम एका पात्राच्या एका वाक्याने मोडीत काढल्यावर, तिने केलेले कृत्य हा तिच्या स्वभावाचा परिपाक न राहता लेखकाच्या सोयीचा भाग वाटू लागला. कॉर्व्हॅकची अडचणच पुन्हा उभी राहिली, यावेळी नायिकेच्या रूपात.

त्यानंतरच्या लेखकांनी मर्यादा परत आणण्यात बरीच शक्ती खर्च केली आहे. जेसन अ‍ॅरन यांनी २०१५ पासून लिहिलेल्या डॉक्टर स्ट्रेंजच्या मालिकेत प्रत्येक मंत्राची शरीराला किंमत मोजावी लागते हे सूत्र ठळकपणे मांडले, इतकेच नव्हे तर स्ट्रेंजचा विश्वासू सेवक वाँग हा गुप्तपणे शिष्य जमवून त्याच्या वाटणीच्या यातना त्यांच्यावर वळवत होता असेही दाखवले. जेम्स रॉबिन्सन यांच्या २०१६ मधील मालिकेत वांडाची जादू आईकडून चालत आलेली विद्या ठरली आणि तिचा वापर तिच्या आयुष्याला झीज लावू लागला. मॅग्नेटो तिचा पिता असल्याची जुनी कल्पना तोवर रद्द झाली होती, आणि तिच्याबरोबर म्यूटंट असण्याचीही. यामागे चित्रपटांच्या हक्कांचे कारण असावे असे वाचकांत सर्रास बोलले जाते, कारण त्या काळात एक्स-मेन या म्यूटंटांच्या संघाचे चित्रपट दुसऱ्या कंपनीकडे होते आणि मार्व्हलच्या चित्रपटांतील वांडाला म्यूटंट म्हणता येत नव्हते.

पडद्यावरही हाच प्रवास वेगाने घडला. २०१५ मध्ये प्रयोगशाळेतून शक्ती मिळालेली मुलगी २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या नऊ भागांच्या मालिकेत केऑस मॅजिकची जन्मजात धनी ठरली, आणि २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या दुसऱ्या चित्रपटात उघड खलनायिका झाली, ज्याचे खापर डार्कहोल्ड या शापित ग्रंथावर फोडण्यात आले. कॉमिक्समध्ये असाच दोष २०१० ते २०१२ दरम्यानच्या ‘चिल्ड्रन्स क्रुसेड’मध्ये डॉक्टर डूमच्या माथी मारला गेला होता : वांडाने ज्या प्रचंड शक्तीला हात घातला त्यामागे त्याची साथ होती, असे त्यात उघड झाले. कँगवर आधारित ‘कँग डायनॅस्टी’ हा जाहीर झालेला चित्रपट बाजूला पडून जुलै २०२४ मध्ये त्याच्या जागी डूम खलनायक असलेल्या ‘डूम्सडे’ची घोषणा झाली, तेव्हा या जुन्या दुव्याला नवे महत्त्व आले. डूम हा मूळचा फँटॅस्टिक फोर या संघाचा वैरी, १९६२ पासूनचा. यंत्रविद्या आणि आईकडून आलेली मंत्रविद्या अशा दोन्ही वाटांनी चालणारा. अ‍ॅव्हेंजर्सशी त्याचे घरगुती वैर असे काही नाही, आणि या लेखातल्या कसोटीने तो झेमोच्याही खाली बसतो. संघाच्या इतिहासात त्याला खोलवर बांधणारा धागा एकच सापडतो, आणि तो वांडाच्या उद्ध्वस्त झालेल्या संसारातून जातो.